मनीचं पोट बिघडलं की दहीभात? एका घरगुती समजुतीचा इतिहास



पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर ठरलेला असतो. "डॉक्टर, मनीचं पोट बिघडलंय. कालपासून दूध बंद केलंय, नुसता दहीभात ठेवलाय. पण ती तोंडच लावत नाही. राहू दे ना एक-दोन दिवस उपाशी? तेवढाच पोटाला आराम."

बोलणारी व्यक्ती प्रेमाने बोलत असते, यात शंका नाही. आपल्याकडे घरात कुणाचं पोट बिघडलं की आजी हेच करायची. मऊभात, ताक, पेज, नाहीतर सरळ लंघन. तेच शहाणपण आपण मांजरालाही लावतो. पण मांजर म्हणजे चार पायांचं लहान मूल नव्हे, आणि लहान कुत्राही नव्हे. हे वैद्यकशास्त्राला कळायला बराच काळ लागला, आणि कळेपर्यंत पुष्कळ मांजरांनी त्याची किंमत मोजली. आज तीच गोष्ट सांगणार आहे. दूध, भात आणि उपास या तीन घरगुती उपायांचं पुढे काय झालं, ते पाहूया.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर वाढला आणि हजारो वर्षांत त्याचं पोट पिष्टमय अन्नाला बरंच सरावलं. मांजराला आपण आपलं अन्न खायला ठेवलंच नव्हतं. त्याने उंदीर खावेत एवढीच अपेक्षा होती, आणि ते उंदीरच खात राहिलं. मोकाट मांजरांच्या खाण्याचा हिशेब संशोधकांनी २०११ साली मांडला. त्यांना मिळणाऱ्या ऊर्जेत प्रथिनांचा वाटा सुमारे ५२ टक्के, चरबीचा ४६ टक्के आणि पिष्ट-साखरेचा जेमतेम २ टक्के निघाला. आता हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून दहीभाताच्या वाटीकडे बघा.

आधी दुधाचं पाहू. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेतच मुरलेली आहे. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, आणि डोळे मिटून दूध पिणारी मांजर तर प्रत्येक कचेरीत एक असतेच. मांजराला दूध आवडतं हे खरं, पण त्यातली साखर आवडते म्हणून नव्हे. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं की गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. तिला गोड कळतच नाही. ती येते ती दुधातल्या चरबीच्या आणि प्रथिनांच्या वासाला. पिल्लू आईच्या अंगावर पीत असतं तोवर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर त्याच्या आतड्यात भरपूर असतं. दूध सुटलं की ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि जुलाब होतात. कित्येक प्रौढ माणसांचंही हेच होतं. तेव्हा पोट बिघडल्यावर दूध बंद करणारे लोक बरोबरच करतात. माझं म्हणणं एवढंच की पोट बरं झाल्यावर ते पुन्हा सुरू करू नये. दह्यात लॅक्टोज थोडं कमी असतं, पण मांजराला दह्याची गरज अशी काही नसते.

दुधाच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो जास्त गंभीर आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये मांजरांना प्रथिन म्हणून फक्त केसीन दिलं जाई. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. आपलं पनीर म्हणजे बव्हंशी तेच. माणसाच्या दृष्टीने ते उत्तम प्रतीचं प्रथिन, पण त्यावर ठेवलेली मांजरं हळूहळू आंधळी होऊ लागली. १९७५ साली के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं. त्या मांजरांच्या दृष्टिपटलातल्या पेशी मरत होत्या, आणि त्यांच्या शरीरात टॉरिन नावाचं द्रव्य फार कमी झालेलं होतं. टॉरिन काही नवं नव्हतं. १८२७ साली बैलाच्या पित्तातून ते प्रथम वेगळं काढलं गेलं होतं आणि त्यावरूनच त्याला नाव मिळालं. माणूस आणि कुत्रा ते इतर अमिनो आम्लांपासून शरीरात बनवू शकतात. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते मांसात असतं, माशात असतं. दुधात अगदी थोडं आणि भाताडाळीत जवळजवळ नाहीच. पुढे १९७८ साली कुत्र्याचं अन्न खाऊन मांजरं आंधळी झाल्याची नोंदही छापून आली. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि तुम्ही एकाच पिशवीतून दोघांना वाढत असाल, तर ही ओळ पुन्हा वाचा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. टॉरिन कळलं, ते खाद्यात घातलं, प्रश्न मिटला. पण तसं झालं नाही, आणि पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो.

१९८०च्या दशकात मांजरांचा एक हृदयविकार फार दिसत असे. हृदय फुगायचं, भिंती ढिल्या पडायच्या, फुप्फुसांत पाणी भरायचं आणि मांजर दगावायचं. कारण माहीत नव्हतं, उपाय नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन नावाचे तरुण पशुवैद्यक अशी मांजरं तपासत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातलं टॉरिन मोजलं, तर ते अगदी खालावलेलं. ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बाजारातलं तयार अन्न खाणारी २१ मांजरं, सगळ्यांचं हृदय थकलेलं, सगळ्यांचं टॉरिन कमी. त्यांना तोंडावाटे टॉरिन दिलं आणि हृदयाचं काम पुन्हा सुरळीत झालं. ज्या आजारात मालकाला "आता फार दिवस नाहीत" एवढंच सांगता येत होतं, तो चिमूटभर पांढऱ्या भुकटीने बरा होऊ लागला.

पण तयार अन्नात टॉरिन असूनही ते कमी का पडलं? उत्तर आतड्यात सापडलं. आपलं यकृत पित्ताम्लांना टॉरिन किंवा ग्लायसिन, यांपैकी जे हाती असेल ते जोडतं. मांजराचं यकृत फक्त टॉरिनच जोडतं. म्हणजे पित्त आतड्यात उतरलं की टॉरिनही आतड्यात उतरणार. तिथे त्यातला बराचसा भाग परत शोषला जातो, पण काही जिवाणू तो मध्येच खाऊन टाकतात. डबाबंद करताना अन्नाला जो कडक उष्णतेचा संस्कार होतो, त्याने या जिवाणूंना पोषक परिस्थिती तयार होते. म्हणून कोरड्या खाद्यापेक्षा डबाबंद खाद्यात जवळजवळ दुप्पट टॉरिन घालावं लागतं. अन्नात काय आहे यावर सगळं ठरत नाही, ते आतड्यातून जाताना त्याचं काय होतं हेही पाहावं लागतं. हा धडा पोटाच्या आजारांना जितका लागू आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. त्यानंतर कारखानदारांनी टॉरिन वाढवलं आणि तो हृदयविकार दवाखान्यांतून जवळजवळ दिसेनासा झाला. आता तो दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, "हिला खायला काय देता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे..."

जाता जाता एक इशारा. काही जण म्हणतात, मग कच्चंच द्यावं. त्यांच्या बोलण्यात हमखास येतो तो १९३०च्या दशकातला कॅलिफोर्नियाचा प्रयोग. फ्रान्सिस पॉटेंजर हे माणसांचे डॉक्टर. त्यांनी काही मांजरांना कच्चं मांस दिलं आणि काहींना शिजवलेलं. शिजवलेलं खाणारी पिढ्यान्‌पिढ्या अशक्त होत गेली. तेव्हा टॉरिनचं महत्त्व कुणालाच ठाऊक नव्हतं. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं आणि ते पाणी फेकलं की टॉरिनही गेलं. त्या निकालाचा खुलासा आज बऱ्याच अंशी असा करता येतो. उलट कच्च्याचेही बळी आहेत. १९३२ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या शेतावर पाळलेले कोल्हे कच्चे मासे खाऊन लुळे पडू लागले. काही माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. मांजरांतही तसंच घडतं. मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. मासे शिजवले की ते विकर निकामी होतं. मासळी बाजारातून रोज कच्ची मुंडकी आणून मांजर पोसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता भात. मांजराच्या लाळेत पिष्ट फोडणारं विकर नसतं. स्वादुपिंड ते तयार करतं, पण कुत्र्याच्या तुलनेत फारच थोडं. शिजवलेला भात तिला अजिबात पचत नाही असं नाही. दोन घास गेले म्हणून घाबरू नका. पण पोटभर भात म्हणजे न पचलेल्या पिष्टाचा लोंढा, आणि त्याचं पुढे तेच होतं जे दुधाच्या साखरेचं होतं. शिवाय तिला हवं ते प्रथिन त्यात नाही. प्रथिनांच्या बाबतीत मांजर किती हळवं आहे ते डेव्हिसच्याच मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८ साली दाखवलं. रात्रभर उपाशी असलेल्या मांजरांना त्यांनी एकच जेवण असं दिलं, ज्यात आर्जिनिन हे एक अमिनो आम्ल नव्हतं. बाकी सगळं होतं. काही तासांतच त्यांच्या रक्तातला अमोनिया वाढला, लाळ गळू लागली, उलट्या झाल्या. एका जेवणातली एक उणीव मांजराला एवढी महागात पडते. साध्या मांसात आर्जिनिन भरपूर असतं, त्यामुळे घरी याची चिंता करण्याचं कारण नाही.

"पोट बिघडलंय तर बिनतेलाचं, हलकं द्या" हाही सल्ला माणसाकडून आणि कुत्र्याकडून उसना आलेला. २०११ साली जुनाट जुलाब असलेल्या मांजरांवर कमी आणि जास्त चरबीचे दोन आहार ताडून पाहिले. दोन्हींनी सारखाच फायदा झाला. चरबी हा मांजराचा शत्रू नाही.

आता राहिला उपास. यावर जरा थांबायला हवं, कारण इथेच जीव जातात.

लंघनावर आपली श्रद्धा जुनी आहे. पाश्चात्त्य वैद्यकातही जुलाब झालेल्या बाळाला "आतड्याला विश्रांती" म्हणून उपाशी ठेवण्याची रीत दीर्घकाळ होती. १९४८ साली चुंग आणि व्हिस्कोरोव्हा यांनी जुलाबाच्या बाळांचे दोन गट केले. एकाला लवकर खायला दिलं, दुसऱ्याला आधी उपाशी ठेवलं. लवकर खायला दिलेली बाळं मागे पडली नाहीत. हा निबंध बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. पुढे १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्यातून एक गोष्ट जगाच्या डोळ्यांत भरली. जुलाब चालू असतानाही आतडं शोषून घेण्याचं काम करत असतं, ते बंद पडलेलं नसतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपलं बरंचसं पोषण थेट समोरून जाणाऱ्या अन्नातून घेतात. अन्न थांबलं की अस्तर झिजतं.

प्राण्यांच्या वैद्यकात हे पोचायला २००३ उजाडलं. दक्षिण आफ्रिकेत पार्व्होच्या जुलाबांनी मरणाच्या दारात असलेल्या कुत्र्याच्या पिल्लांपैकी काहींना पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीने अन्न दिलं. बाकीच्यांना तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं. नळीने जेवलेली पिल्लं लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं.

ही झाली कुत्र्यांची गोष्ट. मांजराच्या बाबतीत उपासाचा धोका याहून वेगळा आणि मोठा आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी दीर्घ काळ न खाणाऱ्या तीन मांजरांची नोंद छापली. त्यांच्या यकृतात चरबी ठासून भरलेली होती. कारण असं. उपाशी मांजर अंगावरची चरबी जाळायला काढते, ती सगळी यकृताकडे धाव घेते. यकृताला ती पुढे पाठवायला प्रथिनं लागतात आणि नेमकी तीच संपलेली असतात. माणूस किंवा कुत्रा उपासात प्रथिनं जपून वापरतो. मांजराचं यकृत मात्र सवयीप्रमाणे ती जाळत राहतं. मांजर जितकं लठ्ठ, तितका धोका जास्त.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. दवाखाना नवा होता तेव्हा एका कुटुंबाने सात किलोचा बोका आणला. उलट्या, पातळ शी. मी औषध दिलं आणि आत्मविश्वासाने सांगितलं, "दोन दिवस काही देऊ नका." त्यांनी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दिलं तर तो खाईना. "अजून पोट बरं नसेल," असं म्हणून त्यांनी आणखी वाट पाहिली, कारण डॉक्टरांनीच उपास सांगितला होता. सहाव्या दिवशी आणला तेव्हा त्याचे कान आतून हळदीसारखे पिवळे झाले होते. तो गेला. त्या घरातल्या काकूंनी मला एक शब्दही बोलला नाही, उलट जाताना आभार मानले. या आजाराचा उपचारही अन्नच आहे. नळी घालून, मोजून, आठवडेच्या आठवडे अन्न द्यायचं. त्या वाटेने आज अर्ध्याहून जास्त मांजरं वाचतात.

म्हणून आता मी सांगतो ते असं. मोठ्या मांजराने पूर्ण २४ तास काही खाल्लं नाही, तर पशुवैद्यकाकडे न्या. पिल्लू असेल तर एवढंही थांबू नका, काही तासांत न्या. शीत रक्त असेल, सारख्या उलट्या होत असतील, मांजर कोपऱ्यात दडून बसत असेल, लस झालेली नसेल, तर घरचा प्रयोग करू नका. मांजर हुशार आहे, खेळते आहे, फक्त शी पातळ आहे, असं असेल तरच पुढचं वाचा.

कोंबडीचं हाडाविना, कातडीविना मांस साध्या पाण्यात शिजवा. मीठ नको, हळद-मसाला नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात आहे. ते कोमट करून मांसाबरोबरच द्या, पाणीही पोटात जाईल. दिवसाचं खाणं चार-सहा वेळांत विभागून द्या. कोमट केलं की वास सुटतो आणि मांजर वासावर जेवते. हा आहार तीन-चार दिवसांचाच. नुसत्या मांसात कॅल्शियम नाही, त्यामुळे ते कायमचं जेवण होऊ शकत नाही. मग नेहमीचं अन्न थोडं थोडं मिसळत आठवडाभरात जुन्या ताटावर या. पुष्कळांचं पोट बिघडतं तेच मुळी खाद्याचा ब्रँड एका रात्रीत बदलल्यामुळे. माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि दोन-तीन आठवडे झाले तरी जुलाब जाता-येत राहत असतील तर? तेव्हा आधी शी तपासून जंत आणि इतर परजीवी आहेत का ते पाहावं लागतं. ते नसतील तर पुन्हा आहाराकडे यावं लागतं, पण या वेळी शिस्तीने. न्यूझीलंडमध्ये गिलफर्ड यांनी पोटाच्या जुनाट तक्रारी असलेली ५५ मांजरं अभ्यासली आणि त्यांचं २००१ साली प्रसिद्ध केलं. त्यांपैकी १६ मांजरांना कुठलं तरी अन्न सोसत नव्हतं. ते बदललं की बरी, पुन्हा दिलं की आजारी. म्हणजे साधारण तिघा-चौघांत एक. यासाठी मांजराने आजवर कधीच न खाल्लेलं एकच मांस द्यावं लागतं. आपल्याकडे बहुतेक खाद्यांत कोंबडी आणि मासे असतातच, त्यामुळे बोकड किंवा बदक शोधावं लागतं, नाहीतर प्रथिनं बारीक तोडलेलं खास खाद्य मिळतं ते घ्यावं लागतं. त्या काळात घरातल्या कुणीही, अगदी आजोबांनीसुद्धा, ताटातला घास टाकायचा नाही. माझ्या अनुभवात हा प्रयोग फसतो तो बहुधा आजोबांमुळेच.

येताना ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घालून आणा, आणि गेल्या आठवड्यात काय काय खायला दिलं ते कागदावर लिहून आणा. दुधाचं बोटही त्यात लिहा.